कळवण तालुक्यातील घर, गहाण आणि पत

घर बांधण्यासाठी कर्ज काढावे आणि त्या कर्जास तेच घर तारण द्यावे, ही व्यवस्था शहरी मध्यमवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या मुळाशी असलेली गृहीते सहसा तपासली जात नाहीत. गहाणास वस्तुतः दोन गोष्टी लागतात. ऋणकोची मालकी लेखी पुराव्याने सिद्ध व्हावी लागते. आणि कर्ज बुडाल्यास ती मिळकत तिसऱ्या माणसास विकता यावी लागते. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याचा इतिहास पाहता या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी क्वचितच आढळतात. गावठाणातील घर विकता येण्यासारखे होते, पण त्यास कागद नव्हता. शेतजमिनीस कागद होता, परंतु आदिवासी खातेदाराच्या बाबतीत तिच्या हस्तांतरावर कायद्याने आडकाठी घातली. ही आडकाठी कोणत्या परिस्थितीत आली आणि घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबास तिची काय किंमत द्यावी लागली, हा प्रश्न केवळ स्थानिक महत्त्वाचा नाही.

गहाणाची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अंमलाबरोबर आलेली नव्हे. धर्मशास्त्रकारांनी ‘आधि’ या संज्ञेखाली तिचा सूक्ष्म विचार केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत गहाणाचे जे भेद केले आहेत त्यांतील एक फार बोलका आहे. कर्ज दामदुप्पट होऊनही न सोडवलेली वस्तू ऋणकोच्या हातून जाते. ठरावीक मुदतीची वस्तू मुदत संपताच जाते. परंतु जिचे फळ धनको उपभोगीत असतो अशी वस्तू, म्हणजे ‘फलभोग्य आधि’, कधीच नष्ट होत नाही. शेत धनकोने कसावे, पीक घ्यावे, पण शेताची मालकी मूळ धन्याकडेच राहावी, हा त्यातील आशय होय. व्याज मुद्दलाहून वाढू नये हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोच्या बाबतीत मान्य केला. या जुन्या व्यवस्थेस आदर्श मानण्याचे कारण नाही. तीत जातीनुसार व्याजाचे दर सांगणारी वचनेही आहेतच. तथापि भोग आणि मालकी यांत तिने जो भेद केला होता, तो एकोणिसाव्या शतकात व्यवहारातून जवळजवळ पुसला गेला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१८१८ नंतर हा मुलूख खानदेशच्या कारभाराखाली आला. १८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरात जिल्ह्याच्या बारा उपविभागांपैकी एक म्हणून कळवण दिसते. तालुक्याची ठेवण दुहेरी आहे. पूर्वेस गिरणेच्या खोऱ्यातील काळी जमीन व व्यापारी वस्ती. पश्चिमेस सप्तशृंग व मार्कंड्याच्या रांगांलगतचा डोंगराळ भाग, जेथे कोकणा व भिल्ल यांची वस्ती दाट आहे. अभोणे, कनाशी यांसारखी बाजाराची गावे या दोहोंच्या सीमेवर वसलेली आहेत, आणि कर्जाचा व्यवहारही बहुशः याच सीमेवर होत असे.

सर्व्हे-पद्धतीने जमिनीचा कब्जा हा हस्तांतरणीय हक्क बनवला. १८६५ चा सर्व्हे कायदा व १८७९ ची जमीन महसूल संहिता यांनी त्यास पक्के रूप दिले. हस्तांतराची मुभा मिळताच जमीन हे उत्तम तारण ठरले आणि सावकाराची थैली सैल झाली. पण कर्ज सहज मिळाले तशी जमीनही सहज गेली. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाले, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांस लागू असलेला हा कायदा पुढे इलाखाभर लागू झाला. त्यात मागाहून एक महत्त्वाची सवलत घातली गेली. दस्तऐवज खरेदीचा दिसत असला तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता असे कुळास तोंडी पुराव्याने दाखवता येऊ लागले. गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याची सावकारी युक्ती किती रूढ झाली होती, हे या एका तरतुदीवरून कळते.

१९०१ चा वाद मात्र अधिक तपशिलाने पाहिला पाहिजे, कारण पुढील साऱ्या प्रश्नाचे बीज त्यात आहे. महसूल थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता वा गहाण टाकता येऊ नये, अशा शर्तीने देण्याची तरतूद सरकारने त्या वर्षी पुढे आणली. उद्देश रयतेच्या रक्षणाचा सांगितला होता. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व त्यांचे काही सहकारी यांनी मुंबई कायदेमंडळात त्यास कडाडून विरोध केला आणि अखेर सभात्याग केला. जमीन तारण देण्याचा हक्क काढून घेतला म्हणजे रयतेची पतच नाहीशी होते, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. या युक्तिवादास सावकारांचा कैवार म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु पत हा दुर्बळाचाही आधार असतो, ही त्यातील जाणीव खरी होती. सरकारची चूक निराळीच म्हणावी लागेल: सावकाराकडे जाण्याची वाट बंद करताना दुसरी वाट उघडलीच पाहिजे, हे त्या कायद्यास सुचले नाही. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ साली झाला.

या काळात कळवणच्या डोंगराळ भागातील घर मात्र गहाणाच्या कक्षेबाहेरच होते. लाकडी मेढी, कुडाच्या भिंती, गवताचे वा कौलांचे छप्पर असे हे घर पैशाने कमी आणि रानाने अधिक उभे राहत असे. त्यासाठीची बचत नाण्यांत नव्हती. दोन-तीन वर्षे लाकूड जमवावे, बांबू तोडून ठेवावेत, भाऊबंदांचे श्रम मागून घ्यावेत, असे तिचे स्वरूप होते. म्हणूनच या घरास पहिला मोठा धक्का सावकाराने नव्हे, तर १८७८ च्या वन कायद्याने दिला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. राखीव जंगलातील लाकूड परवान्यावाचून तोडणे गुन्हा ठरले, आणि जी वस्तू श्रमाने मिळत होती तिला रोकड लागू लागली. १९३० साली तालुक्यातील चणकापूर येथे झालेला जंगल सत्याग्रह राजकीय इतिहासात नोंदला जातो. घराच्या इतिहासातही त्याची नोंद व्हावयास हवी.

स्वातंत्र्यानंतर हस्तांतराची बंदी अधिक काटेकोर झाली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मध्ये अनुसूचित जमातींच्या जमिनीस संरक्षण होते. १९७४ साली त्यात कलम ३६-अ घालण्यात आले. ६ जुलै १९७४ पासून आदिवासी खातेदाराची धारणा विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने बिगर-आदिवासीकडे जावयाची तर पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणास किंवा पट्ट्यास कलेक्टरची परवानगी पुरे. इतर व्यवहारांस राज्य सरकारची संमतीही हवी. न्यायालयीन हुकूमनाम्याच्या बजावणीतील विक्रीसही हीच मर्यादा आहे. याला जोडून झालेल्या जमीन प्रत्यार्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी मूळ धन्यास परत देण्याची सोय केली. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित क्षेत्र म्हणून समाविष्ट आहेत. जमीन ज्या वेगाने जात होती ते पाहता हे कायदे अपरिहार्य होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

मग पतीचे काय झाले? सहकारी संस्था व बँका यांना गहाण देता यावे म्हणून कलम ३६ मध्येच एक वाट राखून ठेवलेली आहे. परंतु तारणाचे मोल वसुलीच्या वेळी कळते. लिलावात परवानगीवाचून बिगर-आदिवासी ग्राहक उभा राहू शकत नसेल, तर खरेदीदारांचे वर्तुळ लहान होते आणि बँकेच्या दृष्टीने एक एकर जमीन अर्ध्या एकराएवढीही भरत नाही. शिवाय या वाटेने जे कर्ज आले ते घरासाठी नव्हतेच. मुंबई इलाख्यात १९२९ पासून निघालेल्या भूतारण बँका आणि १९३५ साली स्थापन झालेली त्यांची मध्यवर्ती बँक यांचा रोख आरंभी जुनी कर्जे फेडण्याकडे व पुढे विहीर, बांधबंदिस्ती, इंजिन यांकडे राहिला. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने खावटी कर्ज दिले ते पावसाळ्यातील धान्यासाठी. विहीर उत्पन्न देते, खावटी जीव जगवते. घर मात्र अनुत्पादक खर्चात मोडले गेले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेला हा भेद ग्रामीण घराच्या बाबतीत कितपत खरा आहे, याची शंका येते. कांदा साठवणे, बियाणे राखणे, गुरे बांधणे, हे सर्व घरातच होते.

तालुक्याच्या पूर्व भागातील बिगर-आदिवासी कुटुंबावर कलम ३६-अ चे बंधन नव्हते. तरीही गावठाणातील घरावर त्यास गृहकर्ज सहजी मिळत नसे, आणि येथेच संरक्षक कायद्यावर सारा दोष टाकणाऱ्यांचे म्हणणे लंगडे पडते. अडचण कागदाची होती. शेतास सातबारा असतो; गावठाणातील घरास बहुधा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद एवढाच आधार. ती नोंद करआकारणीची आहे, मालकीची नव्हे, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा वकील हे पहिल्याच पानावर लिहितो. गावठाणाबाहेर शेतात घर बांधावे तर बिनशेती आदेशाचा प्रश्न येतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयाबाहेर तारण जप्त करण्याचा जो अधिकार दिला त्यातून शेतजमीन वगळली आहे. तेव्हा शेतातील घरावर कर्ज देण्यास बँक का कचरते हे वेगळे सांगावयास नको. गावठाणातील घरांस मालमत्तापत्रक देण्यासाठी ड्रोनद्वारे मोजणीची स्वामित्व योजना केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केली. म्हणजे शेताचा सर्व्हे झाल्यावर गावातील घराचा सर्व्हे होण्यास सुमारे दीड शतक लागले.

दरम्यान गृहकर्जाचा धंदा शहरात वाढला होता. ह. ठा. पारेख यांनी १९७७ साली मुंबईत हौसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक आली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये हक्कपत्रे केवळ सुपूर्द करून होणारे जे गहाण आहे, त्याचा आधार या धंद्याने घेतला. हा प्रकार मुळात कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी होता आणि आजही तो त्या शहरांत व सरकारने अधिसूचित केलेल्या गावांतच करता येतो. कायद्याच्या भूगोलातही शहर हे असे आधीच आत बसलेले आहे.

तथापि या नव्या कर्जाचे खरे तारण घर नसून पगार आहे. अर्जासोबत वेतनचिठ्ठी, आयकर विवरण आणि बँकेचे खातेपुस्तक मागितले जाते. मासिक हप्ता उत्पन्नाच्या कोणत्या भागाहून अधिक नसावा याचे गणित मांडले जाते. आणि घराच्या किमतीचा काही अंश अर्जदाराने स्वतःच्या बचतीतून घालावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या निर्देशानुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात हा अंश किमान एक दशांश असतो. कळवणात ही अट प्राथमिक शिक्षक, महसूल वा बँक कर्मचारी यांना पेलते, कारण त्यांची बचत भविष्यनिर्वाह निधीत महिन्याच्या महिन्याला आपोआप साठते. कांदा पिकवणाऱ्याची बचत तशी साठत नाही. एखाद्या वर्षी भाव मिळाला तर जोते होते, पुढच्या चांगल्या वर्षी भिंती, आणि मधल्या वाईट वर्षांत अर्धवट भिंतींवर पावसाळा जातो. त्यामुळे एकाच आळीत नोकरदाराचे घर दोन वर्षांत पुरे होते आणि त्याच्याहून अधिक जमीन असलेल्याचे दहा वर्षे चालते. सालदार पूर्वी वर्षाची उचल घेऊन आपले वर्षाचे श्रम बांधून टाकी. गृहकर्जाचा ऋणको वीस वर्षांचे वेतन बांधून टाकतो. अर्थात सालदारास त्या व्यवहारातून घर मिळत नसे, आणि हा फरक लहान नव्हे.

डोंगराळ भागातील कुटुंबास यांतले काहीच लागू पडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने जातो, पण तो हस्तांतरणीय नाही. अर्थात तो गहाणही टाकता येत नाही. म्हणून येथे घर आले ते कर्जाच्या नव्हे, अनुदानाच्या वाटेने. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेपर्यंत तिचा विस्तार झाला. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशास एक लाख वीस हजार व डोंगराळ प्रदेशास एक लाख तीस हजार रुपये ठरवले गेले. ही रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी दिली जाते. जुन्या काळी कुटुंब जसे टप्प्याटप्प्याने घर उभे करी, त्याच क्रमाने. याच योजनेत लाभार्थ्यास इच्छा असल्यास बँकेकडून सत्तर हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूदही होती. तारणायोग्य जमीन नसलेल्या आणि मासिक वेतन नसलेल्या अर्जदाराने ते कोणत्या आधारावर मागावे, हा प्रश्न त्या तरतुदीतच शिल्लक राहतो. कुटुंबे विभागत गेली तशी बांधावयास जागाही उरली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातील वनहक्कधारक कुटुंबांना लगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची मुभा दिली. अशा घराची जागा ग्रामसभेच्या ठरावाने मिळते.