कुंभकोणमचे विकाऊ घर

व्यंकोजी राजांनी तंजावरची गादी स्थापिल्यापासून १८५५ मध्ये ती दौलत खालसा होईपर्यंत जी मराठी कुटुंबे तिच्या आश्रयाने कावेरीकाठी स्थिरावली, त्यांपैकी कित्येकांनी कुंभकोणमच्या अग्रहारांत, म्हणजे ब्राह्मण वस्त्यांत, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून, पुढे ओटा, मध्ये उघडा चौक, मागे विहीर, अशी अरुंद परंतु लांबलचक घरे केली. अशाच एका मराठी कुटुंबातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथील दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच नगरात जन्मले. महाराष्ट्राने त्यांना बडोद्यापुरतेच ओळखावे, हे काही भूषणावह नव्हे.

मुंबईत गावदेवीस १९१५ मध्ये सहकारी चळवळीचे प्रवर्तक तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली, तेव्हा सहनिवासाला कायद्याची सनद मिळाली; अग्रहारात तोच परिपाठ रूढीच्या बळावर पूर्वापार चालत आला होता. जातीची चौकट मात्र दोन्हीकडे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कुंभकोणमच्याच सारंगपाणी संनिधी वीथीतील गणितज्ञ रामानुजनांचे घर २००३ पासून स्मारक म्हणून जतन झाले आहे. इतर घरांच्या नशिबी तो योग नाही. तेव्हा असे वडिलोपार्जित घर विकून दोन निजखोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्यांनी पेटीतले मोडी कागद रद्दीत न घालता आधी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला दाखवावेत.