पुलाखालचं पाणी

‘पूल’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द मूळचा फारसी. चितेगावात आमच्या घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. घरातला ‘पुल’ ऱ्हस्व, बाहेरचा ‘पूल’ दीर्घ, एवढाच काय तो फरक. आज मला अशा दोन पुलांविषयी बोलायचं आहे. एक आपल्या खाम नदीवरचा, पाणचक्कीला लागून असलेल्या महमूद दरवाजाचा. दुसरा चीनमधल्या हांगचौ शहरातल्या पश्चिम सरोवराचा. पहिल्यावरून मी शेकडो वेळा गेलो आहे. दुसरा मला फक्त वाचून माहीत आहे.

हांगचौच्या त्या पुलाचं नाव ‘तुटका पूल’. गंमत अशी की तो तुटलेला नाही. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साचतं. उन्हानं मधलं बर्फ आधी वितळलं की लांबून पूल दुभंगल्यासारखा दिसतो. नाव त्यावरून पडलं, असं तिथले लोक सांगतात. स्त्रीरूप घेतलेली पांढरी नागीण आणि एक साधा तरुण यांची पहिली भेट याच पुलावर झाली, अशी लोककथा आहे. ती कथा तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. नाव हजार वर्षांहून जुनं. पण आज उभा असलेला पूल मात्र विसाव्या शतकात नव्यानं बांधलेला.

आपल्या भागाचा आणि त्या शहराचा एक जुना धागाही आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून 1342 मध्ये दिल्लीहून चीनकडे निघाला, तो आपल्या दौलताबादवरून. त्याच्या प्रवासवर्णनात दौलताबादचा किल्ला आहे आणि पुढे हांगचौही आहे. आपण पाहिलेलं सर्वांत मोठं शहर, असं तो हांगचौविषयी म्हणतो.

पण मला त्या सरोवराची ओढ लागली ती एका कवीमुळे. सु तुंगपो हा चीनचा मोठा कवी, आणि सरकारी अंमलदारही. 1089 मध्ये तो हांगचौचा कारभारी होऊन आला, तेव्हा सरोवराचा बराच भाग गाळानं आणि पाणवनस्पतींनी भरला होता. त्यानं बादशहाकडे अर्ज केला, पैसा उभा केला आणि 1090 मध्ये गाळ काढायला घेतला. आता काढलेला गाळ टाकायचा कुठे? त्यानं त्याच गाळाचा सरोवरातून जाणारा बांध घातला, पावणेतीन किलोमीटरहून थोडा लांब. पाणी आणि नावा इकडून तिकडे जाव्यात म्हणून त्यावर सहा पूल ठेवले. तो बांध आजही त्याच्या नावानं ओळखला जातो.

खरी हुशारी यापुढची आहे. एकदा साफ केलेलं तळं पुन्हा भरणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं काठाजवळचं पाणी शेतकऱ्यांना शिंगाड्याच्या लागवडीसाठी खंडानं दिलं. शिंगाडा लावायचा तर आधी तण उपटावं लागतं. म्हणजे शेतकरी आपल्या पोटासाठी तळं साफ ठेवणार. खंडाचा पैसा पुन्हा तळ्याच्याच देखभालीला. लागवड पुढे सरकत आत येऊ नये म्हणून पाण्यात दगडी मनोरे उभारून हद्दही घालून दिली. 2011 मध्ये ‘युनेस्को’नं हे सरोवर जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. हा मान सौंदर्याचा खराच, पण त्यामागे शेकडो वर्षांची गाळउपसणी आहे.

आता आपल्याकडे या. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी नहरीनं गावात खेळवलं. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात पाणचक्की आली. बाबा मूळचे बुखाऱ्याकडचे. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून यायचं, उंच भिंतीवर चढायचं, तिथून पडून जातं फिरवायचं. त्या पिठाची भाकरी फकिरांच्या, मुसाफिरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ताटात. उरलेलं पाणी हौदात आणि हौदातून खाली खाममध्ये. हौदाच्या पोटात खांबांवर उभं असलेलं दालन, भर उन्हाळ्यात गार. लहानपणी चितेगावहून एस.टी.नं आलो की अब्बा आधी तिथंच नेत. “पाणी आधी काम करतं, मग खेळतं,” असं ते म्हणत.

महमूद दरवाजाचं नाव बाबांचे शिष्य बाबा शाह महमूद यांच्यावरून पडल्याचं सांगतात. जवळच मकई दरवाजाचा पूल. आम्ही खेड्यातली मुलं त्या नावाचा संबंध मक्याच्या कणसाशी लावायचो. तो खरा मक्केकडे तोंड करून उभा. 1958 मध्ये विद्यापीठ झालं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून, पहिल्यांदाच शिकायला निघालेल्या घरांतून आलेली कितीतरी मुलं सायकली दामटत या पुलांवरून पलीकडे गेली. मीही त्यातलाच. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या या पुलांनी पुढे रिक्षा, मोटारी, ट्रकही सोसले.

पुलांनी आपलं काम सोडलं नाही. काम सुटलं ते खालच्या पाण्याचं. अनेक वर्षं खामला आपण एकच काम दिलं, सांडपाणी वाहून नेण्याचं. ज्या पाण्यावर कुणाची भाकरी अवलंबून नाही, त्या पाण्याकडे कुणी बघत नाही. अलीकडे नदी साफ करायला हात लागले, ही समाधानाची गोष्ट. पण एकदा गाळ काढून भागत नाही. नदीकाठच्या माणसाचं पोट नदीच्या स्वच्छतेशी जोडावं लागतं. रोपवाटिका असो, भाजीचा मळा असो, पाहुण्यांना परिसर दाखवणाऱ्या मुलांचा रोजगार असो. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कवीनं ते शिंगाड्यानं साधलं.

म्हणून एक विनंती. पाणचक्की बघायला गेलात की हौदावर फोटो काढून परत फिरू नका. महमूद दरवाजाच्या पुलावर या, कठड्याशी दोन मिनिटं थांबा आणि खाली बघा. पूल किती दिवस टिकणार, याचं उत्तर वरच्या कमानीपेक्षा तिथं जास्त स्पष्ट दिसतं.