मोजणारे हात : जालन्यातील प्रयोगशाळा तंत्रज्ञाची घडण

जालन्याच्या औद्योगिक इतिहासात बियाणे आणि पोलाद हमखास येतात. कारखानदार येतात, भांडवल येते, मजूरही येतात. उगवण मोजणारा आणि वितळलेल्या लोखंडाचा नमुना तपासणारा मात्र क्वचितच येतो. या दोन्ही धंद्यांची पत त्याच्या नोंदवहीवर उभी आहे.

त्याच्या शिक्षणाची सोय इथे उशिरा झाली. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. राज्याचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे, पण ते दूर हैदराबादला आणि शिकवणे उर्दूतून. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालयही त्याच वर्षीचे. पदवीची वाट मोकळी झाली, पण पदवीच्या वर्गात प्रयोग बहुधा परीक्षेपुरताच. कारखान्याला हवा असतो तो तोच प्रयोग रोज, न कंटाळता, सारख्याच काळजीने करणारा माणूस.

उद्योग त्याच्यासाठी थांबला नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. १९६६ च्या बियाणे कायद्याने उगवणक्षमतेला किमान मर्यादा आली. संकरित ज्वारीसाठी ती ७५ टक्के. ही चाचणी दिसायला सोपी आहे. चारशे दाणे, शंभराच्या चार तुकड्या, ओला कागद, ठरलेले तापमान. ज्वारीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची दहाव्या. खरी कसोटी मोजताना लागते. मूळ खुंटलेला किंवा पिळवटलेला अंकुर उगवलेला दिसला तरी धरायचा नाही. हे पुस्तकात चित्रासह असते, पण नजर तयार होते ती जुन्या माणसाशेजारी बसून. तिथे हात सैल सुटला तर त्याची किंमत शेतकरी दुबार पेरणीत मोजतो.

पोलादाचे गणित आणखी घाईचे. जालन्यात भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून सळया होतात. या भट्टीत गंधक आणि फॉस्फरस सहजी काढून टाकता येत नाहीत. म्हणून भंगार निवडण्यापासूनच सावध राहावे लागते. फे ५०० प्रतीच्या सळईत भारतीय मानकाप्रमाणे दोन्ही प्रत्येकी ०.०५५ टक्क्यापर्यंतच चालतात. रसातून पळीभर नमुना घ्यायचा, साच्यात थिजवायचा, घासून सपाट करायचा आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पाडून घटक वाचायचे. तोवर भट्टी तापत असते आणि विजेचे बिल चढत असते. अशा वेळी ‘नाही, हा रस चालणार नाही’ म्हणण्याची हिंमत हाही त्या शिक्षणाचाच भाग. अभ्यासक्रमात मात्र तिला गुण नाहीत.

देशात या शिक्षणाची चौकट नव्हती असे नाही. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. आयटीआयच्या यादीत ‘लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. विज्ञान-गणित घेऊन दहावी झालेल्याला तो घेता येतो. अमेरिकेत हे काम कम्युनिटी कॉलेजे करतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच नावाची योजना २०१३-१४ मध्ये आणली. नाव मोठे झाले. पण दहावी-बारावीनंतर लगेच कमावायची गरज असलेल्या मुलाला दोन वर्षांचा आयटीआयच जवळचा वाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

२०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालन्यात आले. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम. टेक. आहे. त्या प्रयोगशाळांतही रोज सकाळी कुणीतरी आधी तराजू शून्यावर आणून ठेवतो.