आधी ठोठावणाऱ्यांचे दार

विद्यापीठांच्या प्रवेशाचा इतिहास सांगताना परीक्षांची चर्चा पुष्कळ होते, तारखांची क्वचितच. परंतु अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत गेल्या सत्तर वर्षांत कोणाला जागा मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हे समजून घ्यायचे असेल, तर अर्जदाराचे गुण किती होते एवढेच पाहून चालत नाही. त्याचा अर्ज कोणत्या महिन्यात आला, हेही पाहावे लागते.

तेथील सर्वसाधारण क्रम असा : जानेवारीच्या सुमारास अर्ज, मार्चअखेरीस निर्णय आणि १ मेपर्यंत विद्यार्थ्याचा होकार. या राजमार्गाच्या अलीकडे एक जवळची वाट आहे. नोव्हेंबरच्या आरंभी अर्ज करायचा आणि डिसेंबरच्या मध्यास उत्तर मिळवायचे. या वाटेचे मुख्य प्रकार दोन. 'अर्ली डिसिजन' या प्रकारात विद्यार्थी एकाच महाविद्यालयाला वचन देतो. प्रवेश मिळाल्यास तेथेच जायचे आणि इतर सर्व अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. 'अर्ली ॲक्शन' या प्रकारात उत्तर लवकर मिळते, पण विद्यार्थी बांधला जात नाही.

या प्रथेचे मूळ शोधू गेल्यास आपण १९५० च्या दशकात पोहोचतो. त्या काळी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचे प्रतिनिधी काही निवडक शाळांना भेटी देत आणि तेथील मुलांना 'ए', 'बी', 'सी' अशा श्रेण्या देत. 'ए' म्हणजे प्रवेश जवळजवळ निश्चित, 'बी' म्हणजे शक्यता आणि 'सी' म्हणजे आशा थोडी. ज्या शाळांकडे हे प्रतिनिधी फिरकतच नसत, तेथील मुलांना अर्थातच ही पूर्वसूचना मिळत नसे. त्याच दशकाच्या अखेरीस ईशान्य अमेरिकेतील काही लहान महाविद्यालयांनी बंधनकारक पूर्वप्रवेश सुरू केला. आपल्याकडे मनापासून येऊ इच्छिणारी मुले मोठ्या विद्यापीठांनी ओढून नेऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. पुढे १९७० च्या दशकात श्रेण्यांची जुनी पद्धत मागे पडली आणि मोठ्या विद्यापीठांत 'अर्ली ॲक्शन' रूढ झाली.

मग ही वाट एवढी रुंद का झाली? त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा, एका महाविद्यालयात १,००० जागा आहेत आणि प्रवेश दिलेल्यांपैकी शेकडा ४० विद्यार्थी प्रत्यक्ष येतात. तर त्याला २,५०० जणांना प्रवेशपत्रे पाठवावी लागतील. पण ५०० जागा वचन दिलेल्या विद्यार्थ्यांनी आधीच भरल्या, तर उरलेल्या ५०० जागांसाठी १,२५० पत्रे पुरतात. एकूण पत्रे १,७५०. शिक्षणात काडीचाही फरक न पडता महाविद्यालय अधिक दुर्मीळ आणि अधिक हवेहवेसे दिसू लागते. 'यू. एस. न्यूज' या नियतकालिकाने १९८३ पासून महाविद्यालयांच्या क्रमवाऱ्या छापण्यास आरंभ केल्यावर अशा आकड्यांना मोठेच मोल आले. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण येतात, हा निकष त्या क्रमवारीतून २००३ मध्ये वगळण्यात आला. पण सवय मात्र सुटली नाही.

१९९५ मध्ये प्रिन्स्टन, येल आणि स्टॅनफर्ड यांनी बंधनकारक पद्धत स्वीकारण्याचे ठरवले आणि चढाओढ तीव्र झाली. २००१ च्या सप्टेंबरात जेम्स फॅलोज यांनी 'द अटलांटिक' मासिकात या प्रथेवर घणाघाती लेख लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस येलचे अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन यांनीही ती बंद व्हावी, असे मत मांडले. २००३ मध्ये ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघांनी एका ग्रंथात दाखवून दिले की, आधी अर्ज करण्याचा लाभ १,६०० गुणांच्या सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या तोडीचा होता.

हा लाभ कोणाला मिळे, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरात शुल्काची चिंता नाही, ते घर ऑक्टोबरातच वचन देऊ शकते. ज्या घरात पै-पै मोजावी लागते, त्याला मात्र चार ठिकाणची आर्थिक साहाय्याची पत्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहावी लागतात, आणि वचन देताच तो अधिकार संपतो. साहाय्य अपुरे पडल्यास करारातून मोकळीक मिळते हे खरे. पण तुलनेची संधी मिळत नाही. शिवाय शेकडो मुलांमागे एकच समुपदेशक असलेल्या शाळेत ही तारीख वेळेवर सांगणार तरी कोण?

हे ओळखून २००६ च्या सप्टेंबरात हार्वर्डने आपली पूर्वप्रवेशाची पद्धत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांनीही तेच केले. इतर विद्यापीठे मात्र जागची हलली नाहीत. अखेर २०११ पर्यंत तिघांनीही माघार घेऊन हे दार पुन्हा उघडले. एकट्याने त्याग केल्यास चढाओढ थांबत नाही; आपली जागा शेजारी घेतो, हाच त्या पाच वर्षांचा धडा होय.

कॅथलिक विद्यापीठांतही एकवाक्यता नाही. जॉर्जटाउनने विद्यार्थ्याला न बांधणारी पद्धत राखली. बॉस्टन कॉलेजने मात्र २०१९ मध्ये ती सोडून बंधनकारक मार्ग धरला. दोन्ही संस्था येशूसंघीयांच्याच.

आपल्याकडे बारावीचे वा प्रवेशपरीक्षेचे गुण हाती आल्यावर प्रवेशाची धावपळ सुरू होते. तेथे डिसेंबरात, म्हणजे आपली बारावीची परीक्षा होण्याआधीच, निर्णय होऊन गेलेला असतो. नववी ते अकरावीची गुणपत्रके त्याला आधार देतात. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांची मुले तिकडे जाऊ इच्छितात, त्यांनी हे अकरावीतच ध्यानी घ्यावे. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता प्रवेश देणारी महाविद्यालये तेथे मोजकीच आहेत. म्हणून सही करण्यापूर्वी अपेक्षित साहाय्याचा हिशेब महाविद्यालयाकडूनच मागून घ्यावा, असे आम्हांला वाटते. लवकर ठोठावणे हा गुण खराच. पण ज्याला दाराची वेळच कोणी सांगितली नाही, त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.