चुना, सुरखी आणि राख



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे किल्ला पाहिला की तो कोणी जिंकला यापेक्षा त्याची भिंत कशाने धरून ठेवली आहे, हा प्रश्न आम्हाला आधी पडतो. मढचा किल्ला आपल्या मालाडच्याच किनाऱ्यावर आहे. तो पोर्तुगीजांनी बांधला आणि 1739 साली मराठ्यांनी घेतला, हे पुस्तकात सापडते. त्याचा चुना कोणी मळला, हे सापडत नाही. तेव्हा आज चुन्याचा, सिमेंटचा आणि त्यांत वेळोवेळी पडलेल्या टाकाऊ वस्तूंचा इतिहास सांगावा, असे आम्ही योजले आहे. त्यात आमच्या स्वतःच्या एका चुकीची हकीगतही येईल.

कोकणात चुनखडी दुर्मीळ; जिकडेतिकडे काळा पाषाण, नाहीतर जांभा. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने शिंपल्यांकडे पाहिले. तिसऱ्या, कालवे खाऊन उरलेली शिंपली भट्टीत भाजली की चुना मिळतो. हा चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो. पण जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, पाण्याखाली तर नाहीच नाही. तिथे तो मऊच राहतो.

त्यावर उपाय सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यातली सिलिका ओल्या चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यात न विरघळणारा टणक पदार्थ तयार होतो. त्याला हवेची गरज लागत नाही. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले, आणि जिथे ती राख नव्हती तिथे फुटकी कौले कुटून घातली. गंमत अशी की, सुरखीला कडक भाजलेली, वाजवल्यावर खणखणणारी वीट चालत नाही. फार भाजली की तिचा हा गुण जातो. बेताची भाजलेली, गवंडी जी हातात घेऊन बाजूला टाकतो, तीच उत्तम. म्हणजे भिंतीला नालायक ठरलेली वीट भुकटी होऊन त्याच भिंतीच्या सांध्यात बसे.

जुन्या वाड्यांच्या गोष्टी सांगताना लोक गूळ, उडीद आणि हिरडा यांची नावे फार कौतुकाने घेतात. गुळाच्या पाण्यात चुना अधिक विरघळतो आणि सावकाश धरतो, हे खरे आहे. पण आमच्या मते भिंती टिकल्या त्या मुख्यतः चुना घाणीत नीट मळला गेला म्हणून. बैल दगडी चाक गोल ओढी आणि माणूस फावड्याने चुना पुन्हा पुन्हा चाकाखाली लोटी. गुळाची आठवण राहिली, फावडेवाल्याची राहिली नाही.

हा सुरखीचा चुना म्हणजे काही किल्ल्यांच्या काळातच संपलेली विद्या नव्हे. म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण 1911 साली सुरू झाले आणि पुढे वीस वर्षे चालले. ते सुरखी-चुन्यात बांधले आहे. तोवर आपल्याकडे पोरबंदरला 1914 साली सिमेंटचा कारखाना निघाला होता. 1936 साली अनेक कंपन्या एकत्र होऊन मुंबईत ए.सी.सी. उभी राहिली आणि घाणीचे बैल हळूहळू मोकळे झाले.

पण टाकाऊ वस्तू सिमेंटच्याही मागे आलीच. जर्मनीत एमिल लांगेन याने 1862 साली दाखवून दिले की, लोखंडाच्या भट्टीतली तप्त मळी एकदम पाण्यात निववून दळली तर ती चुन्याबरोबर सिमेंटसारखी धरते. वीजघरांच्या कोळशाच्या राखेची पाळी नंतर आली. अमेरिकेत माँटाना राज्यातले हंग्री हॉर्स धरण 1948 ते 1953 या काळात बांधले गेले, त्यात ही राख टनावारी वापरली. आपल्याकडे रिहांड धरणात ती पडली. काम तेच, सुरखीचे. सिमेंट धरताना त्यातून थोडा चुना मोकळा होतो. तो एरवी वाया जातो, उलट पाण्याबरोबर पाझरून काँक्रीट पोकळ करतो. राख त्या चुन्याला पकडते. राखेचे कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल असल्यामुळे काँक्रीट कमी पाण्यात सरकते आणि धरताना तापतेही कमी. खारी हवा आणि खारे पाणी ते अधिक सोसते, हे मालवणी-मार्व्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मात्र राख सावकाश काम करते. ही एक गोष्ट श्रोत्यांनी मनात धरून ठेवावी.

इथे मालाडच्या दगडाविषयी थोडे सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही. गेटवे ऑफ इंडिया 4 डिसेंबर 1924 रोजी खुले झाले. त्याचा पिवळा दगड आपल्या खारोडीचा. खाणीत ठोकळा निघाला की भोवती कपच्या आणि भुकटी यांचा ढीग उरतो. कपच्यांची खडी झाली. भुकटीला बराच काळ कोणी विचारीत नव्हते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली, नदीची वाळू दुर्मीळ झाली आणि क्रशरमधून निघणाऱ्या भुकटीला वाळू म्हणून भाव आला. पण तिचा सर्वांत बारीक भाग वाळूत राहत नाही, तो हवेत उडतो. तो छातीत साठला की सिलिकोसिस होतो. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या परिशिष्टात या रोगाचे नाव होते. रोग्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असले तर त्याचा उपयोग. खाणीवरच्या रोजंदारीच्या माणसाचे नाव पुष्कळदा कुठल्याच पटावर नसते.

आता राखेकडे परत येऊ. मालाडच्या घरांत दिवे लागतात त्यांची बरीच वीज 1995 पासून डहाणूच्या औष्णिक केंद्रातून येऊ लागली. ते 500 मेगावॉटचे केंद्र बी.एस.ई.एस.ने उभारले, पुढे मालक बदलले. आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते. तिचे करायचे काय? 14 सप्टेंबर 1999 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली की, औष्णिक केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत निदान 25 टक्के राख मिसळावी आणि केंद्रांनी ती किमान दहा वर्षे फुकट द्यावी. 2009 साली राख विकण्याची मुभा देण्यात आली. दहा वर्षांत कचऱ्याचा माल झाला! राखेच्या विटा पाडणाऱ्या लहान कारखानदारांसाठी काही हिस्सा राखून ठेवला गेला. ती राख उपसणाऱ्याच्या मजुरीविषयी त्या कागदात काही नाही.

आणि आता आमची चूक. 2003 सालची गोष्ट. मालाड पूर्वेला एका इमारतीचे काम चालू होते. सिमेंट आतापर्यंतच्यापेक्षा काळपट आले. मुकादम म्हणाला, हे राखेचे आहे. आठवड्याने एका छज्जाचे टेकू काढले आणि छज्जा खाली आला. खाली उभ्या असलेल्या बिगाऱ्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेटवर सभा घेतली आणि भेसळ, भेसळ म्हणून गळा काढला. आमची लेखी मागणी होती: जखमीला भरपाई आणि कामाला शुद्ध सिमेंट. कंत्राटदाराने दोन्ही मान्य केले. भरपाई देताना त्याने घासाघीस केली, शुद्ध सिमेंटला मात्र चटकन हो म्हणाला, याचे आम्हाला तेव्हा नवल वाटले नाही. सभा जिंकल्याच्या आनंदात आम्ही होतो.

मग एका निवृत्त सुपरवायझरने आम्हाला घरी बोलावले. चहा दिला आणि विचारले, “टेकू कितव्या दिवशी काढले?” आम्हाला सांगता येईना. “पाणी किती दिवस मारले?” तेही सांगता येईना. म्हणाले, “मग तुम्ही राखेला शिव्या कशाला देता? राख पिशवीवर छापून, ठरल्या प्रमाणात घातलेली आहे. चोरी दिवसांची झाली आहे, ती पिशवीवर छापत नाहीत.”

आम्ही वाचनालयात जाऊन मानकांची पुस्तके काढली. पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते, असे त्यात स्पष्ट आहे. काँक्रीटचे मानक 2000 साली सुधारले गेले. ते म्हणते की साध्या सिमेंटला निदान सात दिवस ओल हवी, मिश्र सिमेंटला निदान दहा. कोरड्या आणि गरम हवेत याहूनही जास्त. टेकू काढण्याच्या मुदती साध्या सिमेंटच्या धरून दिलेल्या आहेत. दुसऱ्या सिमेंटला त्या बदलाव्या लागतात. आम्ही परत त्या कामावर गेलो. शुद्ध सिमेंट आले होते. टेकू पूर्वीच्याच घाईने निघत होते आणि पाणी तीन दिवस मारून बंद होत होते, कारण पाणी मारणाऱ्या बाईचा रोज आणि टँकरचा पैसा वाचत होता. आमच्या मागणीने त्याचे काहीच बिघडले नव्हते. उलट, दिवसांचा प्रश्न आम्हीच त्याच्यासाठी मिटवून दिला होता.

पुढच्या कामावर आम्ही सिमेंटविषयी अवाक्षर काढले नाही. तीन गोष्टी मागितल्या. प्रत्येक खांबावर आणि स्लॅबच्या कडेला काँक्रीट ओतल्याची तारीख रंगाने लिहावी. दहा दिवस पाणी मारण्याचा रोज वेगळा धरावा. इंजिनियरची सही झाल्याशिवाय टेकूला कोणी हात लावू नये. तारीख लगेच मान्य झाली. सहीवर दोन बैठका झाल्या. रोजावर वाद चालला तो वैशाख संपेपर्यंत. शेवटी दहा दिवसांचा रोज मिळाला, पण टँकरचा खर्च अर्धा मजुरांच्या मुकादमाच्या अंगावर टाकला गेला, आणि तो काढून घ्यायला आम्हाला आणखी एक उन्हाळा लागला.