नांदूर मधमेश्वर : बंधारा, गाळ आणि पाखरे



आपल्या येवल्याला पालखेडच्या कालव्याने जे पाणी मिळते, ते कादवा नदीचे. हीच कादवा पुढे निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरपाशी गोदावरीला मिळते. त्या संगमावरील जलाशयाला लोक ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. परंतु हे सरोवर निसर्गाने आयते दिलेले नाही. त्याच्या जन्माआड दुष्काळ उभा आहे.

1876-78, 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी दख्खनची अन्नान्नदशा केली. 1901 साली सरकारने पाटबंधारे आयोग नेमला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथे बंधारा उभा राहिला. दोन्ही तीरांनी कालवे निघाले. कोपरगावकडचा माळ उसाने हिरवा झाला. ज्यांनी दगड फोडले, माती वाहिली, त्यांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत.

पुढे नदीने आपले काम केले. दरसाल पुराबरोबर गाळ आला आणि बंधाऱ्यामागे साठला. पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनियरला जी तूट, ती पाखरांना पर्वणी ठरली. हिवाळ्यात क्रौंच, चक्रवाक आणि नाना जातींची बदके दूर उत्तरेकडून येथे उतरू लागली. 1986 साली अभयारण्य जाहीर झाले. पाणथळींच्या रक्षणासाठी 1971 साली इराणातील रामसर येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत 2019 साली हे नाव गेले. महाराष्ट्रातील ते पहिले.

पण त्याच गाळाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोदावरीला मोठा पूर आला की चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरते. 2008, 2016 आणि 2019 साली ते शिरले. गाळाने पाणी मागे तुंबते, तो काढा, अशी ग्रामस्थांची मागणी आहे. पक्षिप्रेमी म्हणतात, गाळ सरसकट उपसला तर पाखरांचे घर मोडेल. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

कामगार चळवळीत आयुष्य घालवून एक गोष्ट मी शिकलो : ज्यांना विचारले नाही, त्यांच्याकडून करार पाळला जात नाही. गाळ कोठे काढावा, कोठे राखावा, हे ठरवताना काठचा शेतकरी आणि मासेमारी करणारा भोई यांना मानाने बैठकीत बसवले पाहिजे. पाखरांना तेथे बोलता येणार नाही. त्यांची बाजू आपण मांडायची. दुष्काळातून जन्मलेले हे पाणी सर्वांचे राहिले, तरच ते राखले जाईल.