सॉल्टेअरची घरे

आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आले आणि त्यांतील कित्येकांचा संसार मालकाने किंवा सरकारने दिलेल्या निवासात झाला. अशा निवासाचा विचार करताना इंग्लंडमधील एका गावाची आठवण होते.

यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ, एअर नदीच्या काठी सॉल्टेअर हे गाव आहे. लोकरीचे गिरणीमालक टायटस सॉल्ट यांनी ते वसविले. त्यांचे आडनाव आणि नदीचे नाव यांच्या संयोगातून गावाचे नाव सिद्ध झाले. ब्रॅडफर्डमध्ये त्या काळी पाठीला पाठ लावून बांधलेल्या कोंदट घरांत कामगार राहत. १८४९ मध्ये तेथे पटकीची मोठी साथ आली, तेव्हा सॉल्ट हे शहराचे नगराध्यक्ष होते. त्यांनी आपला कारभार शहराबाहेर हलविला आणि १८५३ मध्ये नवी गिरणी सुरू झाली.

गिरणीलगत लॉकवुड व मॉसन या वास्तुशास्त्रज्ञांनी आखलेली ८०० हून अधिक घरे उभी राहिली. दगडी भिंतींची ही घरे एकमेकांना जोडून सरळ ओळींत बांधली आहेत. धाटणी इटालियन आहे. साध्या कामगाराच्या घरातही बैठकीची खोली, स्वयंपाकघर, तळघरातील कोठार, वर शयनगृहे आणि मागे शौचकूप असलेले स्वतंत्र अंगण होते. पाणी व गॅसचे दिवे घरोघरी पोहोचले होते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत १९२० च्या दशकातही एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची एकच खोली आली, हे येथे स्मरावे.

तथापि या रांगांना दुसरा अर्थही आहे. मुकादमाचे घर कामगाराच्या घराहून मोठे, तर व्यवस्थापकाचे त्याहून प्रशस्त. घराकडे पाहून माणसाचा हुद्दा कळावा, हा प्रकार सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांना अपरिचित नाही! रस्त्यांना मालकाच्या पत्नीची व मुलांची नावे होती; गावात मद्यालयाला मज्जाव होता. वृद्धांसाठी ४५ घरे बांधून त्यांना निर्वाहवेतन दिले जाई, हे औदार्य खरेच. परंतु तेही मालकाच्याच मर्जीने.

१९३३ मध्ये गिरणीच्या मालकांनी घरे विकून टाकली व पुढे त्यांतील अनेक तेथे राहणाऱ्यांच्याच मालकीची झाली. १९८६ मध्ये गिरणी बंद पडली. गाव मात्र ओस पडले नाही. २००१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

प्रस्तुत लेखकाचा सेवानिवृत्तीचा दिवस आता फार दूर नाही. त्या दिवसानंतर निवासस्थानाच्या किल्ल्या परत कराव्या लागतील. ज्या भिंतींवर मुलांच्या उंचीच्या खुणा केल्या, त्या आपल्या कधीच नव्हत्या, याची जाणीव तेव्हा तीव्रतेने होईल. म्हणूनच तरुण सभासदांस एवढेच सांगावेसे वाटते : मिळालेल्या घराबद्दल कृतज्ञ असावे, परंतु आपले लहानसे का होईना, घर वेळीच उभारावे.